जुनी चिनी सेलाडॉन भांडी आणि त्यांवरची नक्षी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिरव्या झिलईच्या जुन्या चिनी भांड्यांबद्दल येणारे प्रश्न साधारण तेच असतात: हे काय आहे, किती जुनं आहे, खरं आहे का, आणि जरा आडून, किती पैसे येतील. ते इथे एका जागी आणले आहेत. आधी प्राथमिक, मग अवघड. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल; विषय दुसरीकडे आला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. किंमत सांगत नाही, फोटोवरून तर नाहीच. आणि एक विनंती: फोटो पाठवाल तेव्हा भांडं उलटं करून बुडाचाही पाठवा. बहुतेक जण नेमका तोच विसरतात.

१. सेलाडॉन म्हणजे नक्की काय? हिरवं चिनी भांडं दिसलं की सेलाडॉन म्हणायचं का?

नाही. झिलईत लोहाचा थोडासा अंश असतो, भट्टीत ऑक्सिजन मुद्दाम कमी ठेवलेला असतो आणि भाजणी साधारण १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याच्या वर होते. यातून जो निळसर हिरवा, समुद्री हिरवा किंवा शेवाळी रंग येतो, त्या भांड्यांना सेलाडॉन म्हणतात. सेलाडॉन हे युरोपात रुळलेलं नाव. चिनी भाषेत याला छिंग-त्स म्हणतात.

तांब्यामुळे हिरवी झालेली, शिशाची झिलई असलेली भांडी वेगळी. तांग राजघराण्याच्या काळातली (६१८ ते ९०७) तिरंगी घोडे-उंटांची शिल्पं त्या जातीची. ती कमी तापमानावर भाजतात आणि त्यांचा हिरवा भडक असतो. पांढऱ्या पोर्सिलेनवर हिरव्या रंगाने फुलं-पानं रंगवलेली छिंगकालीन (छिंग हे शेवटचं राजघराणं, १६४४ ते १९१२) भांडीही सेलाडॉन नव्हेत. सेलाडॉनचा रंग वरून लावलेला नसतो, तो झिलईच्या अंगातच असतो.

२. मग हे पोर्सिलेन की स्टोनवेअर? प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहिलेलं असतं.

दोन्ही बरोबर, कारण मोजपट्ट्या दोन आहेत. पाश्चात्त्य व्याख्येत पोर्सिलेन पांढरं हवं आणि पातळ जागी त्यातून उजेड दिसायला हवा. बहुतेक सेलाडॉनचं अंग करडं आणि अपारदर्शक असतं, म्हणून ते स्टोनवेअरमध्ये मोडतं. चिनी व्याख्या सोपी आहे: उच्च तापमानावर भाजलेलं, पाणी न शोषणारं, टिचकी मारल्यावर खणकन वाजणारं भांडं म्हणजे त्स. संग्रहालयातल्या पाटीवर 'स्टोनवेअर' आणि लिलावाच्या पुस्तिकेत 'पोर्सिलेन' दिसलं तर गोंधळू नका, कुणीही फसवत नाही.

३. रंग लोहाने येतो तर तो तांबडा का नाही? आणि एका भांड्याचा निळसर, दुसऱ्याचा पिवळट हिरवा का?

लोहाचा ऑक्साइड भरपूर हवेत भाजला की पिवळा-तपकिरी होतो. भट्टीत हवा कमी पडली की धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि रंग हिरव्या-निळ्याकडे झुकतो. झिलईत लोहाचं प्रमाण साधारण १ ते ३ टक्के असतं. त्याहून फार वाढलं की झिलई तपकिरी, शेवटी काळी होते.

छटेला तीन गोष्टी कारण होतात. पहिली म्हणजे टायटेनियम. ते मातीत आणि झिलईत जास्त असलं की हिरवा पिवळसर, शेवाळी दिसतो. कमी असलं की निळसर. उत्तर चीनमधल्या याओचौ भट्ट्यांची भांडी आणि दक्षिणेतल्या लोंगछ्वानची भांडी यांच्यातला फरक बराचसा इथून येतो. दुसरी, भट्टीतली जागा. डोंगराच्या उतारावर बांधलेल्या लांबलचक भट्टीत सगळीकडे सारखी हवा आणि सारखी आच राहत नाही, त्यामुळे एकाच भाजणीतून हिरवी आणि पिवळट अशी दोन्ही भांडी निघतात. तिसरी, झिलईची जाडी. तिच्याबद्दल पुढच्या उत्तरात सविस्तर.

४. एवढी सुंदर भांडी, मग त्यांवर रंगीत चित्रं का नाहीत? नक्षी कशी काढायचे?

सेलाडॉनवर नक्षी जवळजवळ नेहमी मातीतच असते. कोरलेली, फणीने ओढलेली, साच्यात दाबलेली किंवा वरून चिकटवलेली. तिच्यावर झिलई चढते आणि खोलगट जागी जास्त साचते. झिलई जिथे जाड तिथे रंग गडद, उंचवट्यावर पातळ तिथे फिका. नांगरलेल्या सरीत पाणी साचावं तशी ती साचते आणि चित्र आपोआप उमटतं. ब्रश नाही, दुसरा रंग नाही.

हे नीट पाहायचं असेल तर अकराव्या-बाराव्या शतकातला याओचौचा वाडगा घ्या आणि बाजूने टॉर्च मारा. कारागिराने चाकू तिरका धरलेला आहे. पाकळीच्या एका कडेला काप सरळ खोल गेला आहे, दुसऱ्या बाजूला उतरता होत पृष्ठभागात मिसळला आहे. खोल कडेला शेवाळी रंगाची काळपट रेघ, तिथून बाहेर हळूहळू फिका होत गेलेला हिरवा. एका कापातच पाकळीची सीमा आणि तिचा फुगीरपणा दोन्ही साधलं. पाकळीच्या आत फणीच्या दातांनी ओढलेल्या बारीक शिरा. कमळ, पिवनी (पिओनी) फुलं, लाटांमधले मासे, वेलींत खेळणारी मुलं हे तिथले आवडते विषय. पुढे तिथेच भाजक्या मातीचे साचे आले. वाडगा साच्यावर दाबला की आतली सगळी नक्षी एका झटक्यात उठते. काम वाढलं, पण साच्याच्या रेषेला हाताने मारलेल्या कापाची धार नसते. दोन्ही शेजारी ठेवली की फरक लगेच कळतो, आणि मला स्वतःला हाताची कोरीव भांडीच पाहत राहावीशी वाटतात.

आता याच नियमाची दुसरी बाजू. दक्षिण सुंग काळात (११२७ ते १२७९) लोंगछ्वानच्या कुंभारांनी झिलईत चुन्याबरोबर क्षारांचं प्रमाण वाढवलं. अशी झिलई भट्टीत ओघळत नाही, त्यामुळे थरावर थर चढवता आले. काही भांड्यांवर झिलईचे थर मिळून आतल्या मातीइतके जाड आहेत. त्यात बारीक बुडबुडे आणि न विरघळलेले कण अडकतात, उजेड आतल्या आत विखुरतो आणि पृष्ठभाग जेड या मौल्यवान दगडासारखा मऊ दिसतो. पण इतक्या जाड झिलईखाली कोरीव काम बुडून जातं. म्हणून त्या काळातली उत्तम भांडी जवळजवळ कोरी आहेत आणि सारा भर घाटावर आहे. तीन पायांच्या धूपपात्रावर उभ्या कडा ठेवल्या की तिथून झिलई ओसरते आणि पांढरट रेघ उमटते. सजावट एवढीच.

त्यानंतरच्या युआन काळात (१३६८ पर्यंत) झिलई पुन्हा पातळ आणि पारदर्शक झाली, भांडी मोठी झाली आणि नक्षी परत आली. कुठलंही सेलाडॉन समोर आलं की आधी झिलईची जाडी पाहा. नक्षी आहे की नाही, आणि का, याचं अर्धं उत्तर तिथे मिळतं.

५. नावं फार आहेत: युए, याओचौ, रू, ग्वान, गे, लोंगछ्वान. सोप्यात सांगाल का?

ही सगळी भट्ट्यांची किंवा भट्टी-समूहांची नावं आहेत.

युए सर्वांत जुनं. झेजियांग प्रांतात पूर्व हान काळातच, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या दोन शतकांत, पक्कं सेलाडॉन तयार होऊ लागलं होतं. सुरुवातीची भांडी गमतीदार आहेत: कोंबडीच्या डोक्याची तोटी असलेल्या झाऱ्या, मेंढ्या-सिंहांच्या आकाराची पात्रं, आणि थडग्यात ठेवायच्या बरण्या, ज्यांच्या गळ्याभोवती पक्षी, माणसं आणि इमारती अशी दाटीवाटी असते. तांग काळात चहाचा जाणकार लू यू याने युएचे वाडगे चहासाठी सर्वोत्तम ठरवले. युएची सर्वांत उंची जात 'गुप्त रंगा'ची. ती नक्की कुठली, हे शतकानुशतकं कुणाला सांगता येत नव्हतं. १९८७ मध्ये शाआन्शी प्रांतातल्या फामेन मंदिराच्या स्तूपाखालचं तळघर उघडलं. ते ८७४ मध्ये बंद केलेलं होतं आणि आत वस्तूंची यादी कोरलेला दगडही होता. यादीत 'गुप्त रंग' म्हणून नोंदलेली भांडी तिथेच ठेवलेली सापडली.

याओचौ उत्तरेत, शाआन्शीमध्ये. त्याबद्दल वर आलंच. रूसाठी प्रश्न ६, ग्वान आणि गेसाठी प्रश्न ७ पाहा.

लोंगछ्वान हे सगळ्यांत मोठं नाव. झेजियांगच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत शेकडो भट्ट्या होत्या. जगभर जे जुनं सेलाडॉन सापडतं ते बहुतांश इथलं. माल नदीने वनचौ बंदराकडे उतरायचा आणि तिथून पुढे समुद्रात. १३२३ मध्ये चीनहून जपानकडे निघालेलं एक जहाज कोरियाच्या शिनान किनाऱ्यापाशी बुडालं. १९७० च्या दशकात कोळ्यांच्या जाळ्यात भांडी आली तेव्हा ते सापडलं. वीस हजारांहून अधिक भांडी वर काढली आणि त्यांत निम्म्याहून जास्त सेलाडॉन होतं. लोंगछ्वानची पारंपरिक भाजणी २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

६. रू भांडं एवढं महाग का? दिसायला तर साधीच निळसर बशी.

कमी आहेत म्हणून, आणि साधी आहेत म्हणून. रू भांडी हेनान प्रांतातल्या छिंगल्यांगस या गावी उत्तर सुंग दरबारासाठी बनली, अकराव्या शतकाच्या शेवटापासून बाराव्याच्या पहिल्या पाव शतकापर्यंत, इतकाच काळ. मग राजधानी पडली आणि काम थांबलं. अखंड भांडी आज जगात शंभराहून कमी आहेत. त्यातली २१ तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात. २०१७ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात एक ब्रश धुवायची वाटी २९.४३ कोटी हाँगकाँग डॉलरला गेली.

नक्षी जवळपास नाहीच. ओळखीची खूण बुडाला असते: भांडं पूर्ण झिलईत बुडवून बारीक काट्यांवर टेकवून भाजायचे, त्यामुळे खाली तिळाएवढे पांढरट ठिपके राहतात. झिलईत अकीक कुटून घालत असत, असं सुंगकालीन लिखाणात आहे. त्याने रंगात काय फरक पडत असेल, कुणास ठाऊक. अकीक म्हणजे रासायनिकदृष्ट्या वाळूच.

७. माझ्या फुलदाणीवर बारीक तड्यांची जाळी आहे. खराब झाली का?

बहुधा नाही. थंड होताना झिलई आतल्या मातीपेक्षा जास्त आकसली की तिला तडे जातात. मुळात हा दोष. पण दक्षिण सुंगच्या राजधानीतल्या, आजच्या हांगचौमधल्या, ग्वान म्हणजे सरकारी भट्ट्यांनी त्याचीच सजावट केली. मोठे तडे, लहान तडे, त्यांत मुरवलेला रंग. ग्वानची माती काळपट असते. तोंडाच्या कडेवरून झिलई ओघळून पातळ झाली की खालची माती जांभळट डोकावते आणि टेकायचा भाग काळा उघडा राहतो. चिनी संग्राहक याला 'जांभळं तोंड, लोखंडी पाय' म्हणतात. गे भांड्यांत मोठे काळे आणि लहान सोनेरी तडे एकमेकांत गुंतलेले असतात: 'सोन्याचा धागा, लोखंडाची तार'. दोन चांग भावांच्या भट्ट्यांची एक गोष्ट यासंदर्भात सांगतात. थोरल्याची ती गे, धाकट्याची ती लोंगछ्वान. गोष्ट म्हणून छान आहे. गे नक्की कुठे आणि कधी बनलं यावर मात्र अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

झिलईतले तडे आणि भांड्याला गेलेला तडा यांत फरक आहे. टिचकी मारा. आवाज बद्द आला, किंवा तीच रेघ आतून आणि बाहेरून दोन्हीकडे दिसली, तर तो खरा तडा. (जाळीदार झिलईची भांडी तशीही थोडी कमीच वाजतात, तेवढी सूट द्या.)

८. ताटलीच्या मधोमध दोन मासे आहेत. अर्थ काय? कमळ, ड्रॅगन, पिवनी यांचा?

दोन मासे ही लोंगछ्वानची अगदी ओळखीची खूण. साच्यातून काढलेले छोटे मासे ताटलीच्या तळाला एकमेकांमागे फिरत असल्यासारखे चिकटवलेले असतात, बाहेरच्या अंगाला कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या. पाणी भरलं की मासे पोहताना दिसतात. मासा हा चिनी समजुतीत सुबत्तेचा, जोडी असेल तर सुखी संसाराचाही. पिवनी श्रीमंतीचं फूल, कमळ बौद्ध परंपरेतून आलेलं, मोत्यामागे धावणारा ड्रॅगन युआन काळातल्या मोठ्या थाळ्यांवर भरपूर.

अर्थाच्या मागे फार लागू नये, असं माझं मत. निर्यातीच्या थाळ्यावरचा ड्रॅगन इराणमध्ये किंवा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कुणी चिनी अर्थाने वाचत नव्हतं. घाटांची उसनवारी जास्त बोलकी आहे: सुंग काळातली अनेक धूपपात्रं आणि फुलदाण्या त्याहून हजारो वर्षं जुन्या कांस्यपात्रांच्या आणि जेडच्या चौकोनी नळ्यांच्या आकारात आहेत. तेव्हाच्या विद्वानांना पुरातन वस्तू जमवायचा आणि अभ्यासायचा नाद होता, तो मातीत उतरला.

९. हिरव्यावर तपकिरी डाग आहेत. डाग की नक्षी? आणि एका थाळ्यावर ड्रॅगन लाल, बिनझिलईचा का?

दोन्ही युआन काळातल्या लोंगछ्वानच्या युक्त्या. डाग ठरावीक अंतरावर आणि जवळपास सारख्या आकाराचे असतील तर ते लोहाचं द्रावण मुद्दाम टिपकवून केलेले. जपानी लोकांना हा प्रकार फार आवडला. ओसाकाच्या पौर्वात्य मृत्पात्र संग्रहालयातली अशी एक नाशपतीच्या आकाराची फुलदाणी जपानची राष्ट्रीय संपत्ती म्हणून घोषित आहे. विस्कळीत, एकाच बाजूला असलेले डाग मात्र भट्टीतली राख किंवा मातीतली अशुद्धी.

लाल ड्रॅगन म्हणजे साच्यातून काढलेली आकृती झिलईविना तशीच ठेवलेली. भाजणीनंतर भट्टी थंड होताना हवा आत शिरते आणि उघड्या मातीतलं लोह पुन्हा तांबूस होतं. हिरव्या पार्श्वभूमीवर ते उठून दिसतं. प्रश्न ४ मध्ये सांगितलेल्या नियमाला इतका उघड फाटा देणारी दुसरी रीत लोंगछ्वानमध्ये क्वचितच दिसेल.

१०. अन्नात विष असेल तर सेलाडॉनचा रंग बदलतो किंवा भांडं फुटतं, हे खरं का?

खोटं. ही झिलई उच्च तापमानावर भाजलेली काच आहे. जेवणात मिसळता येईल अशा कुठल्याही विषाशी तिला देणंघेणं नाही. पण समजूत जुनी आणि दूरवर पसरलेली: तुर्कस्तान, इराण, मुघल हिंदुस्थान. पश्चिम आशियात सेलाडॉनला ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून मर्तबानी म्हणत, उत्तर हिंदुस्थानात घोरी. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात तेराशेहून अधिक सेलाडॉन भांडी जमली. सुलतानांना विषाची भीती होतीच, पण एवढा साठा भीतीपोटी कुणी करत नाही. भांडी मोठी होती, मजबूत होती, आणि एका थाळ्यात अनेकांनी जेवायच्या पद्धतीला साजेशी होती.

११. भारतात ही भांडी कशी आली? महाराष्ट्राशी काही संबंध?

समुद्रमार्गे, आणि बरीच आली. तमिळनाडूतलं पेरियपट्टिणम, केरळातलं कोल्लम इथे चिनी खापऱ्या मिळाल्या आहेत. आपल्याकडे चौलच्या जुन्या बंदरातही. दिल्लीत फिरोजशहा कोटल्यात निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांच्या ढिगात काही सेलाडॉनही निघालं. चौदाव्या शतकात इब्न बतूताने लिहून ठेवलं आहे की चिनी भांडी हिंदुस्थानात आणि पार त्याच्या मायदेशी मोरोक्कोपर्यंत जातात.

मुंबईशी एक वेगळाच धागा आहे. चिनी मृत्पात्रांचा जगातला एक श्रेष्ठ खासगी संग्रह उभा करणारे सर पर्सिव्हल डेव्हिड १८९२ मध्ये मुंबईत जन्मले. वडील सर ससून डेव्हिड बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी. पर्सिव्हल पुढे लंडनला गेले, चिनी शिकले, जुने चिनी ग्रंथ मुळातून वाचून भांड्यांचा अभ्यास केला. सुमारे १७०० वस्तूंचा त्यांचा संग्रह २००९ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये मांडलेला आहे, आणि तो कायमचा म्युझियमला देण्याची घोषणा २०२४ मध्ये झाली. त्यात रू, ग्वान, लोंगछ्वान सगळं आहे. १३२७ सालचा लेख कोरलेली लोंगछ्वानची एक भली मोठी फुलदाणीसुद्धा. लंडनला कुणाकडे जाणार असाल तर त्या दालनासाठी अर्धा दिवस राखून ठेवा.

भारतात पाहायचं तर हैदराबादचं सालारजंग संग्रहालय. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या चिनी-जपानी विभागामागे सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह आहेत. जायच्या आधी सध्या काय मांडलंय ते विचारून घ्या.

१२. माझं भांडं चिनी की कोरियन, थाई?

कोरियाच्या कोर्यो काळातल्या सेलाडॉनवर पांढऱ्या आणि काळ्या मातीची भरीव नक्षी असते: रेषा कोरून त्यात वेगळी माती भरलेली, वर पारदर्शक झिलई. ढगांमधले करकोचे दिसले तर आधी कोरियाकडे वळा. थायलंडच्या सी सचनालाईची माती जाडसर, झिलई काचेसारखी चकचकीत, आणि बुडाला बऱ्याचदा भाजताना टेकवलेल्या नळीचा काळसर वर्तुळाकार ठसा. ब्रह्मदेशातही सेलाडॉन बनायचं आणि त्यावर अभ्यास अजून चालू आहे. कोकणात किंवा कोचीनकडे जुन्या घरांत सापडलेलं प्रत्येक हिरवं भांडं लोंगछ्वान मानायचं कारण नाही.

१३. बुडाला सहा चिनी अक्षरं आहेत. 'सुंगकालीन' म्हणून दिलं होतं.

मग शंका घ्या. सुंग आणि युआन सेलाडॉनवर राजाच्या कारकिर्दीची मोहोर नसते. निळ्या रंगातली सहा अक्षरी मोहोर मुख्यतः जिंगडेझेन या पोर्सिलेनच्या गावच्या, विशेषतः छिंग काळातल्या भांड्यांवर येते: योंगचेंग (१७२३ ते १७३५) आणि छ्येनलोंग (१७३६ ते १७९५). त्या काळात रू, ग्वान, गे यांच्या उत्तम नकला दरबारासाठी बनल्या आणि त्यांवर त्या बादशहांची खरी मोहोरही असे. नंतरच्या लबाडांनी ती घासून काढून तेच भांडं सुंगचं म्हणून खपवलं.

अपवाद दोन. छ्येनलोंग बादशहाला आपल्या कविता जुन्या भांड्यांच्या बुडावर कोरून घ्यायचा शौक होता. त्यामुळे खऱ्या रू वाटीवर अठराव्या शतकातली कविता असू शकते. आणि लोंगछ्वानच्या काही वाडग्यांत मध्यभागी 'घर सोन्या-जेडने भरो' अशा शुभाक्षरांचा ठसा असतो. ती मोहोर नव्हे.

१४. खरं-खोटं घरी कसं ओळखायचं?

पक्कं ओळखता येत नाही. संशय घेता येतो. टेकायच्या कडीची उघडी माती पाहा: लोंगछ्वानची आत करडी-पांढरी, उघड्या जागी नारिंगी-तांबूस, आणि झिलई संपते तिथे रंग हळूहळू बदलतो. नवीन मालात हा तांबूसपणा लोहाचं पाणी ब्रशने लावून आणतात, तो एकसारखा सपाट दिसतो. युआन आणि त्यानंतरच्या मिंग काळातल्या मोठ्या थाळ्यांच्या बुडाला झिलई खरवडलेलं रुंद तांबूस वर्तुळ असतं, कारण थाळा त्याच्या आतल्या बाजूने नळीवर टेकवून भाजायचे. ओरखडे पाहा. खरे ओरखडे वेगवेगळ्या दिशांना असतात, काचकागदाने घासलेले एका दिशेला.

प्रयोगशाळेत थर्मोल्युमिनेसन्स चाचणी होते. बुडातून किंचित माती खरवडून घेतात आणि भांडं शेवटचं कधी भाजलं याचा अंदाज काढतात. इथेही पळवाटा आहेत: जुन्या फुटक्या भांड्याचं बूड नव्या अंगाला जोडतात, किंवा नव्या मातीवर क्ष-किरणांचा मारा करून वय वाढवतात. चाचणीचा दाखला विक्रेत्याने दाखवला तर नमुना नेमका कुठून घेतला ते विचारा. दाखल्यात एकच जागा लिहिलेली असेल तर तो त्या जागेचा दाखला आहे.

१५. दुरुस्त केलेलं जुनं भांडं घ्यावं का?

घ्यावं, दुरुस्ती उघड असेल तर. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात लोंगछ्वानचा एक वाडगा आहे. त्याची गोष्ट अशी सांगतात: पंधराव्या शतकात शोगुन (जपानचा लष्करी सत्ताधीश) आशिकागा योशिमासाकडे तो होता. तडकल्यावर त्याने तो चीनला पाठवला आणि असाच दुसरा मागवला. असा आता बनत नाही, असं कळवून चिनी लोकांनी तोच वाडगा लोखंडी आकडे मारून परत धाडला. आकडे आजही बाहेरून दिसतात, आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. रंग फवारून लपवलेली दुरुस्ती मात्र टाळा. अतिनील दिव्याखाली ती बऱ्याचदा वेगळी चमकते.

१६. यात जेवलं तर चालेल का? धुवायचं कसं?

झिलईत सहसा शिसं नसतं, पण तड्यांच्या जाळीत तेल आणि हळद शिरली की निघत नाही. जुनं भांडं वापरू नका. धुवायचं तर प्लॅस्टिकच्या टबात, कोमट पाण्यात, सौम्य साबणाने. ब्लीच नको, डिशवॉशर नको, तोंडाच्या कडेला धरून उचलू नका. दुरुस्त केलेलं भांडं पाण्यात बुडवूच नका.

१७. आजोबांनी आणलेली बशी अमेरिकेतल्या मुलीकडे पाठवायची आहे. चिनी आहे, भारतीय नाही, मग कायद्याची अडचण कशी?

अडचण आहे. पुरावशेष आणि कलानिधी कायदा, १९७२ नुसार किमान १०० वर्षं जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते, आणि त्या व्याख्येत ती भारतातच बनलेली असावी अशी अट नाही. पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. वस्तू शंभर वर्षांहून कमी जुनी असेल, किंवा तशी शंका असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला मिळतो. सामान बांधायच्या आधी तो घ्या. विमानतळावर 'ही तर साधी बशी' म्हणून भागत नाही. चीनमधून आणायचं म्हटलं तर तिथला नियम आणखी कडक: १९११ पूर्वीच्या वस्तू सहसा बाहेर जाऊच देत नाहीत.